झेयानेच्या भिंतीवरच्या टोप्या

बोरा वाऱ्यानं एल्विराच्या डोक्यावरचा रुमाल उडवला आणि तो जाऊन अडकला थेट एका शिडीला. शिडीवर कानामागे पेन्सिल खोचलेला एक तरुण झेयाने गावाच्या सभागृहाची पांढरी भिंत रंगवत होता.

"तुमचा का?" त्यानं वरून रुमाल हलवला. "टाकला तर शेजारच्या गावात सापडेल. खिशात ठेवू तोवर?"

"खिशात नको. खाली उतरून द्या."

तो उतरला. रुमाल देताना बोटांना बोटं लागली... ती हसणारच होती, पण नजर भिंतीकडे गेली आणि हसू ओठांवरच विरलं. वर काळी ठसठशीत अक्षरं होती – कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या पायाला शेपूट. तिला वाचता येईना.

"हे काय लिहिताय?"

"'हे घर आपलं आहे.' तुमच्याच बोलीत आहे म्हणे. परदेशातल्या एका मंडळानं कागद पाठवलाय, तो मी उतरवतो. रविवारी त्यांचे प्रोफेसर येणार आहेत, पडदा काढायला."

एल्विराची कानशिलं तापली. बाबांनी रविवारसाठी चष्मा पुसून ठेवला होता. शाळेत ते इटालियन शिकले, पुढे राज्य बदललं तसे क्रोएशियन शिकले. ज्या बोलीत त्यांची आई त्यांना जेवायला हाक मारायची ती मात्र त्यांनी कुठेच लिहिलेली पाहिली नव्हती. आणि आता पाहायची, तर ही अशी?

"आमच्या अक्षरांना या टोप्या कुणी घातल्या?"

"शाळेतल्या अक्षरांनाही असतातच की टोप्या."

"त्या ओळखीच्या टोप्या आहेत! तू कुठला रे, मला शिकवणारा?"

रागाच्या भरात ती क्रोएशियन सोडून घरच्या बोलीवर आली होती. आणि उत्तर आलं तेही त्याच बोलीत, फक्त हेल जरा वेगळा, डोंगरापलीकडचा.

"शुशन्येवित्साचा. लिबेरो नाव." तो गालात हसला. "बरं झालं, 'तुम्ही'वरून 'तू'वर तरी आलीस."

"विषय बदलू नकोस. तुला वाचता येतं का हे?"

"...नाही."

"आणि तरी रंगवतोस. लाज नाही वाटत?"

त्यानं जमिनीवरचा कोळशाचा तुकडा उचलून तिच्यापुढे धरला. "मग तू लिही. भिंत तुझी आहे."

तिनं कोळसा घेतला, हात उचलला... आणि तो हवेतच थांबला. उभ्या आयुष्यात ज्या बोलीत ती भांडली, हसली, झोपेत बडबडली, त्या बोलीचा एक शब्दही तिनं कधी लिहिला नव्हता. कुणी लिहायला सांगितलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले. हे रडू नव्हतं, संताप होता.

"रडतेस?"

"वारा आहे."

"हो, वारा फार आहे," तो हळूच म्हणाला आणि वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी एल्विराच्या स्वयंपाकघरात बाबा आणि शेजारचे फ्रानेकाका लिबेरोला घेऊन टेबलाला बसले. मक्याच्या पिठाची पोलेंटा निवत होती नि वाईन संपत होती. लिबेरो एकेक शब्द लिहायचा, ते वाचायचे आणि भांडायचे.

"असं तुमच्याकडे, पलीकडे, बोलत असतील," फ्रानेकाका खेकसायचे.

"मग तुमच्याकडचं सांगा ना, काका. मी तुमच्याच गावात आलोय."

"का आलायस ते दिसतंय मला," काका म्हणाले, आणि एल्विरा उगाचच चुलीकडे वळली.

अखेर बाबांनी शाळेतल्याच अक्षरांत लिहिलेली ओळ न अडखळता वाचली. दुसऱ्या दिवशी लिबेरोनं भिंतीवर चुना फिरवला आणि ती ओळ नव्यानं रंगवली.

रविवारी पडदा निघाला. प्रोफेसरांचा चेहरा उतरला.

"हे अशुद्ध आहे. तुमच्या बोलीचं मूळ आमच्या भाषेशी जोडलेलं आहे, ते यात दिसत नाही."

"मूळ तुम्हाला बघायचंय," एल्विरा म्हणाली. "आम्हाला वाचायचंय. आमच्या घरावर लिहिताना आमच्यापैकी एकाला तरी विचारलंत?"

बाबा पुढे झाले. चष्मा लावून त्यांनी ओळ मोठ्यानं वाचली. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच.

"या रंगाऱ्याला आमचं काम परत मिळणार नाही," प्रोफेसर जाता जाता म्हणाले.

"बरं," लिबेरो म्हणाला.

माणसं पांगल्यावर ती त्याच्यापाशी गेली. "मंडळानं तुला आणखी गावांची कामं दिली होती ना? आता काय करशील?"

"दुकानांच्या पाट्या रंगवीन. कोळसा विकीन." त्यानं डब्यात डोकावून पाहिलं. "थोडा रंग उरलाय. एक ओळ लिहू? खाली, कोपऱ्यात. माझ्या गावच्या बोलीत."

"कसली ओळ?"

त्यानं वाकून तिच्या कानात सांगितली. एल्विरा कानापर्यंत लाल झाली.

"ही लिहू नकोस."

"का... चुकलं माझं?"

"चुकलं नाही. पण आजवर ज्यानं त्यानं आम्हाला आपापल्या अक्षरांत लिहून घेतलं. ही ओळ तरी कुणाच्या हाती लागायला नको. ही नुसती बोल."

लिबेरोनं ब्रश बाजूला ठेवला.

"ऐकशील?"

"त्याशिवाय का थांबलेय?"

आणि तो बोलला. या वेळी कानात नाही – समोर उभा राहून, तिच्या डोळ्यांत बघून.