अत्तराचा हात

ही गोष्ट खोटी वाटली तर शिव्या मला द्या, विनीताला देऊ नका. ती माझी मावसबहीण. जबलपूरला अधारतालमध्ये राहते. भुतांच्या गोष्टींना इतकी हसायची, की भुतांनाच वाईट वाटावं.

हे घडलं यंदाच्या रथसप्तमीला, तिथल्याच तिलवारा घाटाजवळच्या एका वृद्धाश्रमात.

रात्री नाही... भर दुपारी.

विनीताची आई, भानुमतीमावशी, दिवाळीच्या आधीपासून तिथे होती. मॅनेजर योगेंद्र रोज घरच्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकायचा. टाळ्या वाजवणाऱ्या म्हाताऱ्या. बंगलोरहून विनीताचा भाऊ अंकुर फोटोखाली रोज हात जोडल्याचा इमोजी टाकायचा.

विनीताला मात्र खटकत होतं.

फोनवर मावशी एकच वाक्य बोलायची. "मी मजेत आहे, योगेंद्रभैया फार चांगले आहेत."

मावशीने जन्मात कुणाला चांगलं म्हटलं नव्हतं. जावयालासुद्धा नाही.

भेटायला गेलं की योगेंद्र शेजारीच बसायचा. एकटं बोलूच द्यायचा नाही.

म्हणून विनीताने तिथेच हळदीकुंकू ठेवलं. सवाष्ण-विधवा असा भेद नाही, सगळ्यांना.

हॉलमध्ये स्पीकर लागला होता. योगेंद्रच्या पेनड्राइव्हमध्ये एकच गाणं होतं, वाढदिवसाचं. हळदीकुंकवाला तेच वाजत होतं, आणि तो ओरडत होता, "माताजी, ताली!"

ऊन चांगलंच तापलेलं. तरी सगळ्याजणी पूर्ण बाह्यांच्या स्वेटरमध्ये.

मावशीचे ओठ सुकून फुटले होते. पाण्याचा जग होता, पण पार वरच्या फळीवर.

"आई, पाणी काहून नाही पीत?"

मावशीने आधी योगेंद्रकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी मजेत आहे."

विनीताने हळद लावली. कुंकू लावलं. अत्तराची कुपी उघडून मावशीचा हात धरायला गेली, तर योगेंद्र मधे आला.

"दीदी, दूर से छिड़क दीजिए. माताजी को एलर्जी है."

"कशाची?"

"अं... खुशबू की."

स्वतः मात्र अगरबत्तीच्या दुकानासारखा घमघमत होता!

विनीता कुपी घेऊन पुढे गेली. सगळ्यांनी हात पदराखाली लपवले होते. ओळीच्या शेवटी, कोपऱ्यात, मेंदी रंगाच्या लुगड्यातली एक म्हातारी बसली होती. तिला स्वेटर नव्हता.

विनीताने हळदकुंकू लावताच तिने आपणहून हात पुढे केला.

विनीताने तो धरला...

बर्फ.

मनगटाभोवती काळानिळा पट्टा. कापडाने करकचून बांधल्यासारखा.

गाणं मधेच थांबलं.

"आईची बाही वर कर ना वं, पोरी," म्हातारी म्हणाली.

विनीताने वाणाची डबी तिच्या मांडीवर ठेवली आणि धावली. योगेंद्र "अरे दीदी, दीदी!" करत आडवा आला, तर तिळगुळाचं ताट त्याच्या अंगावर सांडलं. तीळ झटकेपर्यंत तिने मावशीची बाही वर सारली होती.

तोच पट्टा. दोन्ही हातांना.

"पलंगाला बांधतात," मावशी पुटपुटली. "लघवीला उठून त्रास देते म्हणून."

विनीताने सामान घेतलंच नाही. आईला उचललं आणि थेट ऑटोत बसवलं. योगेंद्र मागून सांगत होता, माताजींना भूलने की बीमारी आहे.

ऑटोत विनीताने विचारलं, "आई, ती कोपऱ्यातली कोण गं? मेंदी लुगड्यातली?"

मावशीने मनगटावरची बाही खाली ओढली.

"राधाबाई. माझ्या बाजूचा पलंग तिचा." मग हळूच म्हणाली, "दिवाळीतच गेली ना ती. हात बांधलेलेच होते."

तेवढ्यात मोबाईल वाजला. तिथे फोटो काढत असलेल्या योगेंद्रच्या माणसाने सवयीने ग्रुपवर फोटो टाकला होता. 'खुशी के पल.'

फोटोत विनीता वाकून उभी. समोर प्लास्टिकची रिकामी खुर्ची. खुर्चीवर वाणाची डबी. आणि खुर्चीच्या पाठीवर... हळदीकुंकवाची उमटलेली दोन बोटं.

खाली अंकुरने हात जोडले होते.

विनीताने पोलिसांत तक्रार केलीय. "चौकशी चालू आहे," असं सांगून राहिले. मावशी आता घरी आहे, स्वतःच्या हाताने पाणी पिते, जावयाला नावं ठेवते.

पण अत्तराची कुपी तिथेच राहिली होती. तरी रोज दुपारी विनीताच्या हाताला तोच वास येतो. मग गार बोटं मनगट धरतात आणि ओढतात... दाराकडे.

परवा तिने मला फोन केला.

"ती आईसाठी आली होती ना? मग अजून काहून ओढून राहिली?"



त्या ओळीतल्या बाकीच्यांच्या बाह्या कुणी वर केल्याच नव्हत्या...