बस म्हणायचं राहून गेलं

पुतण्याचं लग्न ठरलं आणि बाईंची खोली गेली. तसं स्पष्ट कोणी म्हटलं नव्हतं. वहिनी फक्त मोजपट्टी घेऊन आल्या आणि मोठा पलंग या भिंतीला मावेल का, एवढंच त्यांनी बाईंना विचारलं. शहाण्याला शब्दाचा मार.

कंत्राटाची मुदत संपल्यापासून बाई भावाकडे राहत होत्या. गणित शिकवण्यात हयात गेली, पण कायमच्या नोकरीने कायम हुलकावणी दिली. आता त्यांना राहायला घर देणारी शाळा हवी होती, मग ती इथे मिळो की परदेशात. भावाचं मन मोठं होतं, घर लहान होतं. त्याच्या दारात आश्रित म्हणून म्हातारं व्हायची बाईंना मनापासून भीती वाटायची.

हल्ली अर्जाबरोबर नमुना पाठाचं चित्रीकरण मागतात. सुट्टी असल्यामुळे जुन्या शाळेतला वर्ग रिकामाच होता. चित्रकलेचे सर मोबाइल धरून उभे राहिले, चौकटीत फक्त फळा आणि बाई. बाईंनी अपूर्णांक घेतले. रिकाम्या बाकांना शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, पण सवयीचा गुण असा, की मध्येच त्यांनी शेवटच्या बाकाकडे बोट केलं. "हं, तू सांग. दोन वेण्यांची. उभी राहा." मग उत्तर ऐकल्यासारखी मान डोलावली आणि त्या पुढे शिकवू लागल्या. सर हसू दाबत होते.

पहिली मुलाखत गावातल्याच शाळेत झाली. मुख्याध्यापिकांनी पाठाचं कौतुक केलं, फळ्यावरच्या अक्षराचं तर फारच. मग चष्मा काढून म्हणाल्या, "पण त्या मुलीला शेवटपर्यंत उभंच ठेवलंत."

बाईंना ती थट्टा वाटली. त्या हसल्या. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

दुसऱ्या शाळेने फोनवर नकार कळवला. आमच्याकडे उभं करण्याची शिक्षा चालत नाही, असं पलीकडचा माणूस अवघडून सांगत होता. कसली शिक्षा, असं बाई विचारेपर्यंत त्याने फोन ठेवला.

बाई थेट चित्रकलेच्या सरांच्या घरी गेल्या. दोघांनी चित्रीकरण पुन्हा पाहिलं. फळा, खडू, बाई. मुलगी कुठेच नव्हती. बाईंचा जीव भांड्यात पडला, पण सरांनी चित्रीकरण मागे नेऊन पुन्हा लावलं.

"बाई, तुमची नजर बघा."

पाठाच्या सुरुवातीला बाईंची नजर बाकांवरून फिरत होती, बसलेल्या मुलांच्या उंचीवरून. उत्तर विचारल्यानंतर मात्र ती मागे जाई तेव्हा दर वेळी थोडी वर थांबत होती. उभ्या मुलीच्या चेहऱ्यावर थांबावी तशी.

"तिला बस म्हणायचं राहून गेलं," सर हळूच म्हणाले. आणि चहा आणायच्या निमित्ताने आत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

आता एकच आशा उरली होती, परदेशातली. त्या शाळेत आपल्याकडची मुलं पुष्कळ होती, त्यामुळे मुलाखत आपल्याच भाषेत होती. पगार बरा होता, वर राहायला क्वार्टर. बाईंनी दुपारी खोलीचं दार लावून घेतलं, पलंगाकडे पाठ करून लॅपटॉप उघडला. पडद्यावरच्या आपल्या छोट्या चौकटीत त्यांनी आधी नीट पाहून घेतलं. मागे पलंग, त्याच्यामागे भिंत. बाकी काही नाही.

मुख्याध्यापक सज्जन वाटले. त्यांनी अनुभव विचारला, अभ्यासक्रम विचारला. बाई घडाघडा बोलल्या. सगळं मनासारखं चाललं होतं. मग हळूहळू त्यांचं बाईंकडे बघणं कमी झालं. ते बाईंच्या खांद्यावरून मागे बघू लागले.

"माझ्या मते सगळं ठरल्यातच जमा आहे," ते म्हणाले. "पण एक खटकतं. ती दमली आहे."

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. इथे कोणी नाही, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते बोललं असतं तर काय झालं असतं, हेही त्यांना ठाऊक होतं. दाराबाहेर वहिनींचा आवाज येत होता, पलंगवाल्याशी घासाघीस चालली होती.

बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "बस गं, बाळा."

मागून कसलाही आवाज आला नाही.

मुख्याध्यापकांच्या कपाळावरची आठी गेली. ते खुर्चीत मागे रेलले, हसले, अभिनंदन म्हणाले. क्वार्टर लहान आहे, पण दोघींना पुरेल, असंही म्हणाले.

पडदा काळा झाला. बाई तशाच बसून राहिल्या. नोकरी मिळाली होती. आनंद व्हायला हवा होता.

दार ढकलून वहिनी आत आल्या. बाईंनी कसंबसं सांगितलं. वहिनींचे डोळे खरोखरच भरून आले. त्या बाईंना पोटाशी धरणार होत्या, पण गुडघे दुखत होते, म्हणून आधी पलंगाकडे वळल्या.

"सरक गं जरा," त्या सहज म्हणाल्या.

आणि शेजारी जागा सोडून पलंगाच्या कडेला बसल्या.