आप्पांना आलेला गुण

संध्याकाळचा चहा झाला की आनंदराव थोरवत ऊर्फ आप्पा लसणाच्या पाकळ्या घालून तेल कोमट करायचे, कुशीवर आडवे होऊन दोन्ही कानांत सोडायचे आणि मग गल्लीला ज्ञान द्यायला ओट्यावर बसायचे.

"साखर कारखान्याच्या मिलवर हयात गेली माझी. कानात बोळे घालणारेच बहिरे झाले बघा! आवाजानं कान तयार होतात. वर हे तेल. मशीनबिशीन म्हाताऱ्यांनी लावावं."

ओट्यावर ते फक्त बोलत. ऐकायची पाळी आली की उठून घरात येत.

घरात मात्र त्यांना खरंच सगळं ऐकू येई. त्याचं कारण एकट्या आप्पांना सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी मुलानं, प्रणवनं, हौसेनं श्रवणयंत्र आणलं होतं, तेव्हा आप्पांनी जेवण टाकलं. "मला नीट ऐकू येतं. तुम्हीच पुटपुटता!" मग प्रणवनं डोकं चालवलं. बैठकीच्या छताला एक चपटी पांढरी डबी बसवली आणि आप्पांना सांगितलं, धूर झाला की वाजणारी घंटा आहे. खरं तर तो ध्वनिझोत होता. बॅटरीचा उजेड जसा एकाच जागी पाडता येतो, तसा हे यंत्र आवाज पाडतं. घरात कोणी बोललं की ते शब्द टिपायचं, कॅमेऱ्यानं आप्पांचे कान शोधायचं आणि नेमका तिथं मोठा आवाज सोडायचं. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याला पत्ता लागत नसे. पंधरवड्यात आप्पांना गुण आला. श्रेय अर्थात लसणाला! सगळे गालातल्या गालात हसले. म्हाताऱ्याचा मान राहिला, काय बिघडलं?

मग शर्वी जन्मली. आजोबांच्या खांद्याशिवाय ही नात झोपेना. डोकं त्यांच्या मानेत, कान त्यांच्या कानाला लागून. टीव्हीवरच्या बातम्या, घरातली बोलणी, भांडणं, सगळं तिथंच पडत होतं. आप्पांचे कान आणखी अधू होत होते आणि झोत आपला आवाज आपोआप वाढवत होता.

सून ऋतुजानं एकदा विचारलं होतं, "अहो, झोतात दुसऱ्या कुणाचं डोकं येऊ देऊ नका, असं बसवणारा म्हणाला होता ना?"

"मग आप्पांना सगळं सांगावं लागेल," प्रणव म्हणाला. "दिवाळी तर होऊ दे."

दिवाळी झाली. कोणी काही सांगितलं नाही.

शर्वी दीड वर्षाची झाली, तरी कुकरची शिट्टी झाली की वळून बघेना. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "घरात लाऊडस्पीकरचा धंदा आहे का?" आवाज टिपणाऱ्या, बारीक केसांसारखे तंतू असलेल्या पेशी आतल्या कानात असतात. तिच्या बहुतेक मेल्या होत्या. एकदा मेल्या की त्या पुन्हा येत नाहीत.

घरी आल्या आल्या ऋतुजा पोरीला खाली ठेवून स्टुलावर चढली आणि तिनं डबी बंद केली. मग शर्वीला कडेवर घेऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिला कुणाचं तोंड बघवत नव्हतं.

पोरीला ऐकू कमी येतंय, एवढंच आप्पांना सकाळी सांगितलं होतं. ते कोमट तेलाची वाटी घेऊन स्वयंपाकघरातून आले. "आणा तिला इकडं. मला गुण आला, तिला नाही यायचा?"

"आप्पा, तेलानं काही झालं नव्हतं," प्रणव म्हणाला. त्याला रडू फुटत होतं. "तुम्हाला ऐकू येत नाही. मी यंत्र बसवलं आणि तुमच्यापासून लपवलं. त्यानंच शर्वीचे कान गेले. माझी चूक झाली, आप्पा."

"काय पुटपुटतोस? नीट बोल की लेका!"

प्रणव ओरडला. पुन्हा ओरडला. आप्पा नुसते त्याच्या ओठांकडे बघत राहिले. ऋतुजाच्या कडेवरची शर्वी फिरणारा पंखा बघत होती. बापाच्या एवढ्या ओरडण्यानंही ती दचकली नाही.

शेवटी प्रणवनं कपाटातलं ते जुनं श्रवणयंत्र काढलं आणि आप्पांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मग नातीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा रागानं लाल झाला.

"एवढ्याशा पोरीला मशीन लावणार तुम्ही? लोक काय म्हणतील?"