पट्टी काढून दाखवा!

"त्या व्यवस्थापकाचे बूट तळ्यात फेकू या!" लंबू म्हणाला.

"छे! मला त्याची चारचौघांत फजिती करायचीय!" मिरची दातओठ खात म्हणाली.

ऐन सुट्टीत बोट-क्लबच्या बचाव-बोटीचं इंजिन भर तळ्यात जाम झालं होतं. बोट चालवत होता मिरचीचा दादा. पेट्रोलचा डबा भरून दिला होता क्लबच्या व्यवस्थापकानं. पण खापर फुटलं दादावर. "यानं इंजिनातलं तेल तपासलं नाही!" व्यवस्थापक सगळ्यांना सांगत सुटला. दादा बोलायला गेला, तर "उलट उत्तर देतोस?" म्हणून त्याला क्लबातून काढूनच टाकलं. तेव्हापासून दादा घरात कुणाशी धड बोलत नव्हता.

मिरची एकदम ताडकन उठली. "लंब्या! तेल तपासणार कुठून? ते इंजिन टू-स्ट्रोक आहे! त्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालतात!"

"म्हणजे डब्यात तेल नव्हतंच?"

"चल!"

क्लबच्या शेडमध्ये व्यवस्थापक अध्यक्षबाईंना आणि सभासदांना तस्संच दुसरं इंजिन दाखवत होता.

"काका," मिरची साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाली, "हे त्या जाम झालेल्याचं जुळं भावंड ना? कुठल्या प्रकारचं?"

"फोर-स्ट्रोक! मोज की, चार सिलिंडर आहेत!"

"मग याला नुसतं पेट्रोल?"

"अर्थात! त्यालाही मी नुसतंच दिलं होतं. तेल वेगळं असतं, ते किती आहे ते आतली मापाची पट्टी काढून बघायचं. तुझ्या दादानं तेच केलं नाही!"

"पट्टी काढून दाखवा ना!"

व्यवस्थापक वाकला. इंजिनाच्या पुढे बघितलं, मागे बघितलं, खाली हात घातला. कपाळावर घाम फुटला. टू-स्ट्रोकला तेलाची पट्टी नसतेच, मग सापडणार कुठून!

"सिलिंडर मोजून स्ट्रोक कळत नाहीत, काका! पिस्टन एकदा वर, एकदा खाली की एक चक्र पूर्ण, तो टू-स्ट्रोक. दोनदा वर, दोनदा खाली, तो फोर-स्ट्रोक! इंजिन दादानं नाही, तुमच्या बिनतेलाच्या डब्यानं जाम केलं!"

अध्यक्षबाईंचा चेहरा कठोर झाला. "त्या मुलाला बोलवा. आणि तुम्ही माफी मागा. सगळ्यांसमोर!"

दादा आला. व्यवस्थापक काहीतरी पुटपुटला.

"मागे ऐकू आलं नाही!" मिरची ओरडली.

"चूक माझी होती! माफ कर!"

दादानं कितीतरी दिवसांनी मान ताठ केली.

"पोरी, जिभेसारखीच अक्कलही तिखट आहे तुझी!" अध्यक्षबाईंनी तिची पाठ थोपटली. "आता या इंजिनाचा डबा यांनीच भरायचा. तेल मिसळून!"

व्यवस्थापक खाली मान घालून डबा हलवू लागला. मिरची कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"नीट हलवा, काका! अजून!"