घोरपड तिरपी का चालते?

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी घोरपड सरळ रस्त्यावरून एकाएकी उजवीकडे ओढली गेली आणि तिचे पुढचे चाक चरात उतरले. चालकासमोरच्या फळीवर एक पिवळा दिवा लुकलुकत होता. चाचणीसाठी मागे ठेवलेल्या रिकाम्या मधपेट्या एकमेकींवर आदळल्या. कोणालाही लागले नाही.

घोरपड म्हणजे उंबरघळ गावाने स्वतः घडवलेली डोंगरी गाडी. भंगारात निघालेली विजेवरची जीप वसुधाआत्याने शहरातून आणली. गावाने हातभार लावला. जीप वीतभर उंच झाली, तिला खोल खाचांची मोठी चाके बसली, मागे पेट्यांसाठी फळ्या ठोकल्या गेल्या. कातळाला चिकटून चढते, म्हणून तिचे नाव घोरपड.

ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर गावातले गेनूनाना बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "वसुधे, घोरपड म्हणालीस ना? हा तर खेकडा निघाला. तिरपा चालतोय."

गाडी आत्या चालवत होती. शेजारी पट्टा बांधून बसलेल्या अकरा वर्षांच्या नभाचे कान तापले. आत्याने गाडी मागे घेऊन पुन्हा रस्त्यावर आणली. थोडे पुढे गेल्यावर तेच झाले, फक्त या वेळी गाडी डावीकडे ओढली गेली.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. खिंडीपलीकडच्या सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर) कारवी फुलली होती. कारवी काही दरवर्षी फुलत नाही, सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. फुलोरा ओसरत आला होता आणि मधमाश्यांच्या पेट्या आज संध्याकाळी तिकडे पोचायलाच हव्या होत्या. डोक्यावरून नेल्या तर जेमतेम चार-पाच पोचल्या असत्या. ड्रोनच्या घरघरीने माश्या बिथरतात. त्या पेट्यांमध्ये एक निळ्या झाकणाची होती. ती नभाची, तिने स्वतः वाढवलेली पहिली वसाहत. पुढची कारवी फुलेल तेव्हा नभा कॉलेजात असणार होती.

गाडी अंगणात आली तेव्हा टोकेकर वाटच पाहत होता. टोकेकर हा यंत्रमानव. उंचीने गुडघाभर, दोन बारीक हात आणि पोटातून निघणारी एक वायर. तालुक्याच्या यंत्रशाळेने तो गावाला वापरायला दिला होता. येता-जाता सगळ्यांना टोकतो, म्हणून गावाने त्याला हे आडनाव दिले.

"दिवा लागला म्हणजे स्थैर्यनियंत्रक जागा झाला," टोकेकर म्हणाला. "स्थैर्यनियंत्रक (घसरू लागलेल्या गाडीला आपणहून सावरणारी यंत्रणा) गरज असेल तेव्हाच जागा व्हायला हवा. इथे तो कारण नसताना उठतो आहे."

"मग बंदच करून टाकू त्याला," आत्या म्हणाली. "बटण आहे."

"नको. नभा, चालत्या बसमध्ये आधी कोण पडतं? बसलेला की उभा?"

"उभा."

"गाडी उंच केली म्हणजे तिला उभं केलं. तिचा गुरुत्वमध्य (जिथे सगळं वजन एकवटलंय असं मानता येतं तो बिंदू) वर गेला. ती आता लवकर कलंडेल. जुन्या गाडीपेक्षा हिलाच सावरणाऱ्याची जास्त गरज आहे."

आत्याने बटणावरचा हात काढला.

"पण तो सावरतो कसा?" नभाने विचारले.

"पळता पळता डाव्या हाताने खांब धरलास तर काय होईल?"

नभाने उत्तर देण्याऐवजी करूनच पाहिले. पडवीचा खांब धरताच ती गर्रकन डावीकडे फिरली.

"तेच," टोकेकर म्हणाला. "डावीकडचं एकच चाक ब्रेकने धरलं की गाडीचं तोंड डावीकडे वळतं. उजवं धरलं की उजवीकडे. स्थैर्यनियंत्रक सतत दोन गोष्टी ताडून पाहतो. चालकाला कुठे वळायचंय, आणि गाडी खरोखर कुठे वळते आहे. पहिली त्याला स्टिअरिंगचा सेन्सर (बदल टिपणारं उपकरण) सांगतो. दुसरी सांगतो वळणमापक. गाडी किती वेगाने गिरकी घेते आहे ते तो मोजतो. दोघांचं जमलं नाही, तर गाडी घसरते आहे असं समजून एखादं चाक धरलं जातं."

"म्हणजे दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय."

"किंवा वेग चुकीचा कळतो आहे. चाकाच्या फेऱ्यांवरून वेग काढतात. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर जातं."

चाकाचा घेर गाडीच्या संगणकाला कळवल्याचे आत्याने सांगितले, तरी टोकेकर मोजल्याशिवाय ऐकणारा नव्हता. नभाने टायरवर आणि जमिनीवर खडूने खुणा केल्या. गाडी ढकलून एक फेरी पुरी केली आणि टेप धरली. माप बरोबर होते. मग स्टिअरिंग सरळ धरले, तर त्याच्या सेन्सरचा आकडा शून्य. वळणमापकाचाही आकडा शून्य. टोकेकरने वायर काढून घेतली.

"सगळे ठीक आहेत."

"सगळे ठीक आहेत आणि गाडी चरात जाते," आत्या म्हणाली. "नाना म्हणतात तेच खरं. खेकडाच बांधला मी."

नभा पायरीवर बसली. तिला आत्याचा चेहरा पाहवत नव्हता. उन्हाळाभर आत्याच्या हाताचे वंगण निघाले नव्हते. सकाळच्या दोन्ही हिसक्यांची तिने मनात पुन्हा उजळणी केली.

"टोकेकर, स्टिअरिंगचा मध्य चुकला असता तर गाडी दर वेळी एकाच बाजूला गेली असती ना?"

"हो."

"ही कधी उजवीकडे जाते, कधी डावीकडे. आणि इथे अंगणात एकदाही गेली नाही. खडबडीत रस्त्यावरच जाते."

टोकेकरने मान तिरकी केली. "मी गाडी उभी असताना तपासली."

"मग वायर लाव परत."

नभा मागच्या फळीवर चढली आणि तिने दाणकन उडी मारली. वळणमापकाचा शून्यावरचा आकडा उसळला, डावीकडे गेला, उजवीकडे गेला, मग हळूहळू थांबला.

"गाडी तर वळली नाही," ती म्हणाली. "मग वळणमापकाला का वाटलं?"

दोन आसनांमधले झाकण आत्याने उघडले. आत वळणमापकाचा तळहाताएवढा डबा होता आणि त्याच्याखाली काथ्याची जाड, नीट विणलेली गादी. स्क्रूदेखील मुद्दाम सैल ठेवलेले. नभाने डब्याला बोट लावले. झोक्यासारखा तो दोन्हीकडे डुलला.

उंबरघळमध्ये पेटी कोणीही नुसत्या फळीवर ठेवत नाही. धक्का लागला की माश्या उठतात, म्हणून खाली काथ्याची गादी हवीच. ही सवय इथे चालायला शिकण्याआधी लागते. आत्याने डब्याखालची जुनी लोखंडी बैठक गंजलेली पाहून डबा बाहेर काढला होता आणि परत बसवताना तिच्या हातांनी आपोआप गादी घातली होती.

"खडबडीत रस्त्यावर गाडी सरळ जायची," नभा सावकाश म्हणाली, "पण डबा गादीवर डावीकडे फिरायचा. स्थैर्यनियंत्रकाला वाटायचं, गाडीच डावीकडे घसरली. तो सावरायला उजवं चाक धरायचा."

"आणि सरळ जाणारी गाडी उजवीकडे ओढली जायची," टोकेकर म्हणाला. "डबा उलटा फिरला की डावीकडे."

आत्या गादीकडे बघत राहिली, मग हसली. "माशीला धक्का कळू नये म्हणून जपायचं. याला मात्र गाडीला जे होतं ते सगळं कळायला हवं. मी याला लाडाने बहिरा केला."

गादी निघाली. नवी पोलादी पट्टी सांगाड्यालाच घट्ट बसवली गेली आणि तिच्यावर डबा, त्यावरचा बाण गाडीच्या तोंडाकडे करून. तो सपाट बसला का, हे पाहायला पाणसळ सापडेना. नभाने मधाची जवळजवळ भरलेली लांबुळकी बाटली आडवी ठेवली. आतला हवेचा बुडबुडा सावकाश सरकला आणि बरोबर मध्ये थांबला. टोकेकरने तो तीनदा पाहिला आणि प्रथमच कोणालाही टोकले नाही. मग त्याने संगणकाला नवे शून्य शिकवले.

दुपारी घोरपड त्याच रस्त्यावरून गेली, दगडांवरून खडखडत, पण दोरी धरल्यासारखी सरळ. दिवा लागला नाही. मोरीपाशी आत्याने वेग मुद्दाम कमी केला.

"नाना, खेकडा कसा काय?"

"सरळ चालायला शिकला," गेनूनाना म्हणाले. मग त्यांनी पुढे जोडले, "आपल्या गावातला आहे म्हणून."

गाडी नजरेआड होईपर्यंत ते कठड्यावरून उठून उभे होते, हे नभाने आरशात पाहिले.

संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर पेट्यांची दारे बंद झाली. या वेळी काथ्याच्या गाद्या जिथे हव्यात तिथे, पेट्यांखाली होत्या. निळ्या झाकणाची पेटी नभाने स्वतः बांधली. आत्या एकटीच निघाली. घाटात माणसाचे वजनही उगाच नको होते.

नभा, टोकेकर आणि नाना रेडिओपाशी बसले. खिंडीतून निरोप आला तो तुटक होता. "खिंड ओलांडली. पेट्या शांत. ओल्या वळणावर दिवा लुकलुकला, एकदाच..." पुढचे शब्द खरखरीत बुडाले.

"पुन्हा तेच?" नानांनी विचारले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

"तेच असेलच असं नाही," नभा म्हणाली. "ओल्या वळणावर दिवा लागायलाच हवा, नाना. तिथे गाडी खरंच घसरू शकते. स्थैर्यनियंत्रकाने धरलं असेल चाक, आत्याला सावरायला. टोकेकर, हो ना?"

"आकडे हातात नाहीत," टोकेकर म्हणाला. "खात्री देता येत नाही."

"गाडीत नोंद राहते ना? स्टिअरिंग कुठे होतं आणि गाडी कुठे वळत होती?"

"राहते. परत आली की दोन्ही ताडून पाहू."

"मी पाहीन," नभा म्हणाली.

दिवा त्या वळणावर का लुकलुकला, ते अजून कळलेले नाही. पण खिंडीपलीकडच्या उतारावर दोन प्रकाशझोत दिसल्याचे वरच्या वाडीतून नुकतेच कळवले आहे. ते सड्याच्या दिशेने निघाले आहेत, आणि सरळ चालले आहेत.