दुधाचा आळ

"ठेव खाली माझ्या नातवाला!... स्वतःचं लेकरू भूकंपानं गिळलं, आता दुसरीचं ओढून घेतीस व्हय गं?"

सासूबाईंच्या, चांगुणाबाईंच्या, त्या शब्दांसरशी गोदावरीच्या हातातली दुधाची वाटी लवंडली. भूकंपाच्या त्या भीषण पहाटे पती आणि तान्ही लेक दगडमातीखाली गेल्यावर याच सासूनं तिला पोटाशी धरलं होतं, लातूरला येऊन क्लासच्या पोरांसाठी मेस काढली होती, भाकऱ्या थापून तिला नर्स केलं होतं... आणि आज तीच माउली तिच्या काळजावर असा घाव घालत होती!

"बबिताचं दूध कसं आटलं? खरं सांग!"

धाकटी जाऊ बबिता, ओली बाळंतीण, कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. सरकारी दवाखान्यात गोदावरीनंच तिचं रक्त तपासून घेतलं होतं. एचआयव्ही निघाला... ट्रकवर फिरणाऱ्या नवऱ्याकडून, भुजंगकडून आलेला! बाळाला लागण होऊ नये म्हणून कळा सुरू होताच गोदावरीनं तिला गोळी दिली, जन्मल्यावर बाळाला औषध पाजलं, अंगावर पाजू नकोस म्हणून बजावलं. तेव्हा बबितानं तिचे पाय धरले होते.

"अक्का, कुणाला सांगू नका. कळलं तर मेसला कोण जेवायला येईल? आत्याबाई मला दारात उभं करणार न्हाईत..."

भुजंगला सगळं ठाऊक होतं. आताही तो उंबऱ्यात मान खाली घालून नुसता उभा होता!

गोदावरीनं डोळे मिटून घेतले.

"मी आटवलं, आत्याबाई. गोळ्या मीच दिल्या. लेकरानं माझ्याच हातचं प्यावं, असं वाटलं मला..."

चांगुणाबाईंचा हात तिच्या गालावर बसला. "डाकीण! तुझी सावलीबी नको ह्या घरावर!"

त्याच दिवशी गोदावरी घर सोडून भाड्याच्या खोलीत राहायला गेली. ड्यूटीवरून परतताना ती मेसच्या गल्लीपर्यंत येई, बाळाचा आवाज कानी पडतो का म्हणून क्षणभर थबके, आणि मागं फिरे...

बाळ, बबलू, दीड वर्षाचा झाला. एका दुपारी त्याला कडेवर घेऊन चांगुणाबाईच दारात उभ्या!

"बबिता?" गोदावरीनं त्यांच्या मागं पाहिलं.

"गेली गं माय... कालच तिचे दिवस झाले. जायच्या आधी समदं सांगितलं तिनं. स्वतः नेऊन लेकराचं रक्त तपासून आणलं व्हतं. काहीच न्हाई त्याला, साफ हाय..." त्या उंबऱ्यावरच कोसळल्या. "डाकीण म्हणले मी तुला! एक शब्द का बोलली न्हाईस?"

"बोलले असते, तर बबिताला घरात मरू दिलं असतं का तुम्ही?"

चांगुणाबाई नुसत्या रडत राहिल्या. गोदावरीनं त्यांना उठवलं, पदरानं त्यांचे डोळे पुसले.

"चल घरी. आता तूच ह्याची माय."

त्यांनी बबलूला पुढं केलं. त्यानं किंकाळी फोडली, आणि आजीच्या गळ्याला घट्ट मिठी मारली. त्याच्या लेखी गोदावरी कुणीच नव्हती!

गोदावरीनं पसरलेले हात हळूच मागं घेतले.

"ओढू नका त्याला, आत्याबाई. मी मागून चालते... बघू द्या त्याला माझ्याकडं."

आजीच्या खांद्यावरून तो डोकावे, ती हसली की तोंड फिरवी. डोळे वाहत होते, तरी ती वाटभर हसत राहिली.