धुण्याच्या यंत्राला कोरडे हात

तो यंत्राचं बटण नाकाने दाबत होता.

छातीशी कवटाळलेला ओल्या चादरींचा भलामोठा गठ्ठा, बाह्या कोपरावर चढवलेल्या, पाणी पँटवरून थेट बुटांत. आणि हा माणूस वाकून, अगदी गंभीरपणे, काचेच्या चकचकीत पॅनेलवर नाक टेकवत होता. एकदा टेकवलं. दोनदा टेकवलं. यंत्र ढिम्म.

ती दारातच थांबली. ते पॅनेल तिचं होतं. दोन वर्षं जीव ओतून तिने ते केलं होतं. एकही उंचवटा नाही, एकही फट नाही, नुसती काच.

"काय चाललंय?"

"नाकाने चालतं का बघतोय," तो न वळता म्हणाला. "हात रिकामे नाहीत ना."

"बोटच लागतं. आणि कोरडं लागतं."

त्याने गठ्ठ्याआडून मान बाहेर काढली. चेहऱ्यावर ना राग, ना चेष्टा. खरोखरच काही कळलं नाही की माणूस विचारतो, तसं त्याने विचारलं, "धुण्याच्या यंत्राला... कोरडे हात?"

ती वर गेली, खुर्चीत बसली, कामाला लागली. पण प्रश्न काही वर गेला नाही. तो खाली त्या खोलीतच, नळाशेजारी, तिची वाट बघत बसला.

कंपनीने त्या वर्षी विविधता आणायची ठरवली होती. आणली म्हणजे काय, तर स्वागतकक्षात पोस्टर लावलं – सात रंगांचे सात हात, एकमेकांत गुंफलेले. विविधता हा शब्द भिंतीवर लावायला हलका असतो, टेबलाशी बसवायला जड. वरच्या मजल्यावर यंत्रं आखणारे अकरा जण होते आणि अकराही एकाच कॉलेजातून आलेले. एकाला खोकला आला की दुसरा पाणी प्यायचा. अकरा जणांना एकच डोकं पुरत होतं. बारावी ती. यंत्र बायका वापरतात, तेव्हा एक बाई असू द्यावी, म्हणून घेतलेली. चार वर्षांत तिला कुणी काही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. खुर्ची कष्टाने मिळाली होती, ती टिकवायला मान डोलावणं पुरत होतं.

आणि आता हा. नऊ वर्षं एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढलेला. यंत्र वापरून बघायला त्याला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. त्याच्या शर्टाची घडी अशी कडक, की बोट कापेल. म्हणून वरच्या मंडळींनी त्याला 'इस्त्री' नाव ठेवलं. त्याच्या कानावर गेलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, ज्यांनी ठेवलं त्यांना म्हणावं आधी आपल्या कॉलरी बघा.

महिनाअखेरीस मोठ्या साहेबांसमोर त्याला एका कागदावर सही करायची होती – 'वापरण्यास सोपे'. सही झाली की यंत्र बाजारात, तो नोकरीत कायम आणि ती पॅनेल विभागाची प्रमुख. एका सहीत तिघांचं भलं. मग अडचण काय होती? तो प्रश्न. मेला नाही तो.

दुपारचं जेवण झालं की ती खाली जाऊ लागली. काम आहे, असं वर सांगायची. काम कसलं, कुतूहल होतं नुसतं. हा माणूस नळ कोपराने बंद करायचा. दार कोपराने, दिवा कोपराने. लाँड्रीत हात कधी रिकामे नसतातच, त्याने सांगितलं, तिथे कोपर हाच तिसरा हात. एकदा त्याने तिला डोळे मिटायला लावले आणि चालू यंत्रासमोर उभं केलं.

"काय ऐकू येतंय?"

"गरगर."

"नीट ऐका."

तिने ऐकलं. त्याच्या श्वासाला साबणाचा वास होता की खोलीलाच होता, कोण जाणे... "लंगडतंय," ती हळूच म्हणाली.

"चादर एका बाजूला गोळा झाली. शाब्बास."

इतकी वर्षं ती यंत्रं करत होती. यंत्र ऐकलं ते त्या दिवशी.

मग एकदा त्याने सहज विचारलं, तुम्ही स्वतः शेवटचं काय धुतलंत? ती बोटं मोजून आठवू लागली.

"चष्मा."

तो इतका हसला की बादलीचा आधार घ्यावा लागला. आणि त्या हसण्यात का कोण जाणे, तिच्या तोंडून खरं निघून गेलं. तिने आयुष्यात रुमालसुद्धा धुतला नव्हता. लहानपणापासून आई म्हणायची, तू अभ्यास कर, मी धुते.

"वर कुणाला माहीत नाही हे. मला बाई म्हणून घेतलंय."

"मग दोघंही फसवूनच आत आलोय," तो म्हणाला. "मला बिचारा म्हणून घेतलंय. अन् तिकडे माझ्या हाताखाली चौदा माणसं होती."

तीही दारं कोपराने ढकलू लागली. एकदा दाराऐवजी त्याच्या बरगडीत बसलं. बरगडी चोळत तो म्हणाला, "मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये, मॅडम."

"मऊ? कोण – तुम्ही?"

तो मोज्यांच्या जोड्या लावू लागला. कान मात्र लाल झाले होते.

त्या संध्याकाळी ती घरी आली तर मोरीतून ब्रशचा आवाज. तिने केलेलं पहिलं यंत्र तिथेच कोपऱ्यात होतं, वर्षभर, स्वच्छ फडक्याखाली झाकलेलं. आई जुन्या वळणाची, तिला नवं झेपत नाही, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. आज पहिल्यांदा विचारलं. आईने पिळता पिळताच सांगितलं, "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही गं. हात ओला असला की ते माझं ऐकतच नाही. दर वेळी पुसा, मग सुकायची वाट बघा. तेवढ्यात माझे दोन कपडे घासून होतात."

आईच्या बोटांची पेरं पाण्याने पांढरी पडली होती. त्या हातांनी घासलेल्या कपड्यांतच ती कॉलेजला गेली होती. आणि परत येऊन तिने काय केलं, तर त्या हातांना न ओळखणारं यंत्र.

बैठकीत अकरा जण, ती, मोठे साहेब, आणि टेबलाच्या टोकाला इस्त्री. पुढ्यात कागद, बाजूला नवं यंत्र. साहेबांनी गोड आवाजात सही मागितली.

"सोपं आहे साहेब," तो म्हणाला, "ज्याला कपडे धुवायचे नाहीत त्याला."

अकरांपैकी एकाने त्याला आठवण करून दिली की त्याचे तीन महिने शुक्रवारी संपतात. इस्त्रीने पेन टोपण लावून ठेवून दिलं. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. एवढंच म्हणाला, पॅनेल देखणं आहे, देखणं आहे असं मी लिहून देतो.

ते तिला झोंबलं. हा माणूस स्वतःची भाकरी घालवत होता आणि जाता जाता तिचं पॅनेल सांभाळत होता. सही दुसऱ्या कुणाची घेता आली असती; ती गप्प बसली असती तर प्रमुख झाली असती. गप्प बसणं तिला चांगलं येत होतं.

ती उठली. पेल्यातलं पाणी तळहातावर ओतलं आणि तो हात काचेवर ठेवला. यंत्राने एकदा लोकर म्हटलं, एकदा सुती म्हटलं, मग विझून गेलं.

"चार वर्षं तुम्ही मला बाई म्हणून इथे बसवलंय. मी जन्मात कपडे धुतलेले नाहीत. तुम्हीही नाही. बारा जणांनी मिळून आपण धुणाऱ्याचा हात न चालणारं यंत्र केलंय. पॅनेल माझं, चूक माझी. पण धुणं कळणारा एकच माणूस या खोलीत आहे, आणि शुक्रवारी आपण त्यालाच घरी पाठवतोय." तिने ओला तळहात वर धरला. "खाली पोस्टरवर सात हात आहेत साहेब. एकही ओला नाही."

कुणी खोकलं नाही. कुणी पाणी प्यायलं नाही. मोठ्या साहेबांनी कागद उलटा केला आणि टेबलाच्या टोकाकडे बघून विचारलं, "मग कसं हवं?"

इस्त्रीने बाही वर केली आणि कोपर हवेत डावीकडून उजवीकडे फिरवलं. "असं."

यंत्र पाच महिने लांबलं. प्रमुखपद अकरांपैकी एकाला गेलं, आणि तिला ते लागलं. खोटं कशाला बोला. इस्त्री कायम झाला, पण वरची खुर्ची त्याने नाकारली. वर पाणी नाही म्हणाला. मग वरचेच खाली आले. एकेकाने बादलीभर कपडे धुतले. एकाचा गुडघा दुखायचा, हे त्याच्या मित्रांना तेव्हा कळलं; झाकण उंचावर न्यायचं त्यातून निघालं. दुसरा डावखुरा निघाला. रोज भांडणं होऊ लागली, म्हणजेच डोकी अकरा झाली. काचेच्या जागी तळव्याएवढा रुंद दांडा आला, कोपराने फिरणारा. चादर गोळा झाली की यंत्र स्वतःच शीळ घालू लागलं. आईला बघायला बोलावलं, तर तिने कोपर मारून ते सहा वेळा चालू-बंद केलं आणि म्हणाली, आता हे माझं.

त्याच आठवड्यात, कलत्या दुपारी, ती खालच्या खोलीत स्वतःचा रुमाल धुत होती. कोपरापर्यंत फेस. तो चादरींचा गठ्ठा घेऊन बाजूला उभा राहून चुका काढत होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मॅडम म्हणायचं बंद केलं तर..."

"तर काय म्हणाल?"

"तू म्हणेन. जन्मभर म्हणेन. चालणार असेल तर."

ती खाली बघून रुमाल चोळत राहिली. चोळून चोळून त्याची किनार उसवायची वेळ आली. "मला कपडे धुता येत नाहीत," ती म्हणाली.

"ते दिसतंच आहे."

ती हसली, आणि चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. तिचे हात फेसात, त्याचे चादरींत. तो वाकला, गठ्ठ्यावरून पुढे झाला, आणि त्याने नाकानेच तिचा चष्मा हळूच वर सरकवला.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

"नाकाने चालतं का बघतोय."

चाललं.